माणसांचे सोळा प्रकार : एका चाचणीची चिकित्सा

'तुमचा स्वभाव कोणत्या प्रकारात मोडतो? तुमची बलस्थाने कोणती, उणिवा कोणत्या?' असे विचारणाऱ्या प्रश्नावल्या आता शाळांच्या दारापर्यंत येऊन पोचल्या आहेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्या वाटल्या जातात. दहावीनंतरच्या मार्गदर्शनाच्या नावाखाली पालकांकडून पैसे घेऊन त्या मुलांकडून भरून घेतल्या जातात. संगणकावर तर त्या फुकटच मिळतात. अर्धा तास प्रश्न सोडवायचे, की 'आय.एन.टी.जे.' किंवा 'ई.एस.एफ.पी.' अशी चार अक्षरे हाती येतात आणि त्या अक्षरांखाली आपल्या स्वभावाचे दोन पानी वर्णन. वाचणारा बहुधा खूश होतो. पण त्या चार अक्षरांवरून एखाद्या मुलीने विज्ञान शाखेला जावे की नाही हे ठरू लागले, तर तो करमणुकीचा विषय राहत नाही. म्हणून ही चाचणी आली कोठून, ती नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, हे जरा खोलात जाऊन पाहायचे आम्ही ठरवले.

या चाचणीचे नाव 'मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर'. तिचे मूळ कार्ल गुस्टाव्ह युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाच्या १९२१ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या, मानसिक प्रकारांवरच्या ग्रंथात आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द आज आपण सहज वापरतो, ते या ग्रंथामुळे रूढ झाले. युंगने त्यांना मनाच्या चार व्यापारांची जोड दिली : विचार, भावना, संवेदन आणि अंतःस्फूर्ती. हे सारे त्याने रुग्णांच्या अनुभवावरून, साहित्याच्या आणि तत्त्वज्ञानाच्या वाचनावरून मांडले होते. त्यात मोजमाप नव्हते, प्रयोग नव्हते. तसा त्याचा दावाही नव्हता. उलट या ग्रंथाच्या एका आवृत्तीला १९३४ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत, माणसांना अशा कप्प्यांत घालत बसणे हा दिवाणखान्यातला पोरखेळ आहे, अशा अर्थाची कानउघाडणी त्याने केलेली आहे. चाचणीच्या प्रचारकांनी युंगचे नाव घेतले, पण ही प्रस्तावना मागेच राहिली.

अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज या गृहिणीने १९२३ च्या सुमारास युंगचा ग्रंथ इंग्रजीत वाचला. माणसांच्या स्वभावाचे प्रकार पाडण्याचा त्यांचा स्वतःचा प्रयत्न त्याआधीच चालू होता. तो बाजूला ठेवून त्यांनी युंगचा आराखडा स्वीकारला. त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी राज्यशास्त्राची पदवी घेतली होती आणि एक रहस्यकादंबरी लिहून नावही मिळवले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अनेक माणसे, विशेषतः स्त्रिया, आयुष्यात प्रथमच कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला लागत होती. कोणाला कोणते काम मानवेल हे आधी कळले तर माणसे सुखी होतील, या कळकळीतून इझाबेलबाईंनी प्रश्नावली तयार करायला घेतली. युंगच्या योजनेत त्यांनी निर्णयप्रधान आणि अवलोकनप्रधान अशी आणखी एक जोडी स्पष्टपणे घातली. चार जोड्या, प्रत्येकीतून एक बाजू निवडायची, म्हणजे दोनाचा चौथा घात, सोळा प्रकार. १९६२ साली अमेरिकेतील एका नामांकित परीक्षासंस्थेने संशोधनापुरती ती छापली, १९७५ साली ती दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली आणि मग तिचा व्यापार वाढला.

दोघींचे मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते, हा मुद्दा टीकाकार नेहमी पुढे करतात. आम्हांला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पदवी नसलेल्या माणसांनी विज्ञानात मोलाची भर घातल्याची उदाहरणे काही थोडी नाहीत. प्रश्न चाचणी कोणी केली हा नसून ती कसोटीला उतरते का, हा आहे.

चाचणीमागचा विचार समजून घ्यायचा तर इझाबेलबाईंचे १९८० सालचे 'गिफ्ट्स डिफरिंग' हे पुस्तक वाचावे. ते त्यांनी आपला मुलगा पीटर याच्या साहाय्याने लिहिले आणि ते प्रसिद्ध झाले त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुस्तक प्रेमळ आहे. माणसे वेगवेगळी असतात, वेगळेपण म्हणजे दोष नव्हे, आपल्यासारखा विचार न करणारा माणूस मूर्ख किंवा दुष्टच असतो असे नाही, हे ते पुनःपुन्हा सांगते. घरातल्या भांडणांचा आणि वर्गातल्या गैरसमजांचा अनुभव असलेल्या कोणालाही हे पटेल. या चाचणीने शांत, एकांतप्रिय माणसांना 'तुमच्यात काही बिघाड नाही' असा दिलासा दिला, हे तिचे श्रेय कबूल केले पाहिजे.

आता कसोटीकडे वळू. अध्यापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात मूल्यमापनाच्या प्रकरणात आपण दोन शब्द शिकलेलो असतो : विश्वसनीयता आणि सप्रमाणता. तीच चाचणी त्याच व्यक्तीला पुन्हा दिली तर तोच निकाल येतो का, हा पहिला प्रश्न. जे मोजते असे म्हणते तेच ती मोजते का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नासाठी एक साधे उदाहरण घेऊ. साठ मुलांच्या वर्गात सर्वांची उंची मोजली आणि सरासरी १५० सेंटिमीटर आली. आता १५० च्या वरची सारी मुले 'उंच' आणि खालची सारी 'बुटकी' असे दोन प्रकार पाडले. १४९ ची मुलगी आणि १५१ ची मुलगी निरनिराळ्या प्रकारांत गेल्या. आणि १५१ ची मुलगी १७० च्या मुलाच्या प्रकारात जाऊन बसली! हे आपल्याला हास्यास्पद वाटते, कारण उंचीचा आयतालेख आपल्या डोळ्यांपुढे असतो. मधे दाटी, दोन्ही कडांना विरळ. माणसांचे खरोखरच दोन प्रकार असते तर आलेखात उंटाच्या पाठीसारखी दोन वशिंडे दिसायला हवी होती आणि मधे खळगा. अंतर्मुखता-बहिर्मुखतेच्या गुणांचा आलेख काढला की तो सामान्यतः एकाच वशिंडाचा निघतो. बहुसंख्य माणसे मधेच असतात. रेघ मात्र नेमकी त्या दाटीतून ओढली जाते.

याचा परिणाम काय होतो ते गणिताने पाहता येईल. समजा, चाचणीतले प्रत्येक अक्षर पुरेसे पक्के आहे आणि दुसऱ्यांदा चाचणी दिल्यावर शंभरांपैकी चौऱ्याऐंशी जणांचे ते अक्षर तेच राहते. वर्गातल्या कोणत्याही परीक्षेच्या मानाने हे वाईट नाही. पण प्रकार ठरतो चार अक्षरांनी. चारही अक्षरे परस्परांवर अवलंबून नाहीत असे धरले तर ती तशीच राहण्याची शक्यता ०.८४ चा चौथा घात, म्हणजे ०.४९८. याचा अर्थ, निम्म्या लोकांचा 'प्रकार' बदलेल! हा केवळ कागदी हिशेब नाही. पाच आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या चाचण्यांत निम्म्यापर्यंत माणसांचे निदान एक तरी अक्षर बदलते, असे या विषयावरील संशोधनाच्या आढाव्यात १९९३ साली नोंदवलेले आहे. जो प्रकार जन्मभराचा म्हणून सांगितला जातो, तो दिवाळीच्या सुटीपुरताही टिकेल याची खात्री नाही.

सप्रमाणतेची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. मॅक्रे आणि कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली ही चाचणी आणि संशोधनात वापरली जाणारी स्वभावमापने यांची तुलना केली. त्यांना असे दिसले की चारही मापट्ट्या काहीतरी खरे मोजतात. पण ते युंगने सांगितलेले प्रकार नव्हेत, तर सलग मापट्टीवरचे गुणधर्म. म्हणजे थर्मामीटर अगदीच मोडका नाही, मात्र पारा किती अंशांवर आहे हे न सांगता तो फक्त 'गरम' किंवा 'गार' एवढेच सांगतो. व्यवसाय-मार्गदर्शनासाठी ही चाचणी वापरावी इतका पुरावा उपलब्ध नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९९१ साली काढला. चाचणीचा पुरस्कार करणारी संस्थाही ती नोकरभरतीसाठी वापरू नये असेच बजावते. मग एवढ्या कंपन्या ती कशासाठी विकत घेतात, हा प्रश्न उरतोच.

आणि एक गोष्ट या चाचणीत मुळीच नाही. चिंता, चटकन खचून जाणे, क्षुल्लक कारणाने मनःस्थिती बिघडणे, म्हणजे भावनिक स्थैर्याची मापट्टी, ही तिने घेतलेलीच नाही. सोळाही वर्णने सद्गुणांनी भरलेली आहेत आणि उणीव म्हणून जे सांगितले जाते तेही बहुधा गुणाचा अतिरेक एवढेच. वाचणाऱ्याला ते गोड वाटते. पण परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याला झोप येत नाही, फळ्यापाशी बोलावताच ज्याचे हात थरथरतात, त्या मुलाविषयी सोळापैकी एकही खण काही बोलत नाही. शिक्षकाला तर नेमके तेच कळायला हवे असते.

तरीही, 'पण माझे वर्णन अगदी तंतोतंत जुळले हो!' असे लोक म्हणतात, त्याचे काय? याचे उत्तर बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एका साध्या प्रयोगातून दिले. १९४८ साली त्याने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना एक स्वभाव-चाचणी दिली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याचे 'वैयक्तिक' वर्णन ठेवले. ते किती जुळते याला शून्य ते पाच गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग त्याने सांगितले की सर्वांना दिलेले वर्णन एकच होते, आणि त्यातली वाक्ये त्याने रस्त्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. १९४९ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून नाना ठिकाणी, नाना स्वरूपांत तो यशस्वी होत आलेला आहे.

राशीवरून स्वभाव सांगणे आपल्याला नवे नाही. 'कन्या रास ना, मग चिकित्सक असणारच', हे आपण लहानपणापासून ऐकतो. महाराष्ट्रात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही गटांतल्या मुलांच्या मिळून २०० पत्रिकांवर ज्योतिषांची चाचणी घेतली होती. प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या. २७ ज्योतिषांची उत्तरे आली, आणि त्यांच्या यशाचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडवून ठरवले असते तर ५० टक्क्यांच्या आसपास आले असते. हे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. सोळा प्रकारांची चाचणी ज्योतिषाच्या रांगेत बसवणे मात्र अन्यायाचे होईल. ज्योतिषी तुम्हांला काही न विचारता सांगतो, चाचणी निदान तुम्हांला विचारते. पण विचारते म्हणूनच एक वेगळा घोटाळा होतो. 'मला समारंभात मिसळायला आवडते' असे आपण लिहून देतो. चाचणी सांगते, 'तुम्ही बहिर्मुख आहात'. आणि आपण म्हणतो, 'बघा, म्हणूनच मला समारंभ आवडतात!' आपलेच वाक्य गुळगुळीत कागदावर छापून परत आले, यापलीकडे त्यात काही घडलेले नसते. कारण म्हणून जे सांगितले जाते ते निरीक्षणाचेच दुसरे नाव असते. (बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि स्वभाव सांगण्याचा जो धंदा चालतो, त्यात तर एवढाही अर्थ नाही. ठसे जन्माआधीच तयार होतात हे खरे. पण त्यांवरून स्वभाव किंवा करिअर सांगता येते याला कसलाही आधार नाही.)

मग स्वभावाचा शास्त्रीय अभ्यास होऊच शकत नाही काय? होतो, आणि त्याची वाट थोडी रुक्ष पण रंजक आहे. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजीच्या एका मोठ्या शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचून काढले. जो फरक माणसांना महत्त्वाचा वाटतो त्याला भाषेत शब्द मिळतोच, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे नाही का, नुसता चिकट माणूस आणि चिवट माणूस यांत केवढा फरक! पुढच्या चार-पाच दशकांत अनेकांनी हे शब्द गाळून, एकमेकांशी जुळणारे शब्द संख्याशास्त्राच्या साह्याने एकत्र आणून पाच मोठे गट केले : बहिर्मुखता, मिळते घेण्याची वृत्ती, काटेकोरपणा, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयी मोकळेपणा. येथे खण नाहीत, पाच मापट्ट्या आहेत. प्रत्येकीवर आपण कोठेतरी असतो, बहुधा मधल्या दाटीत. यांपैकी काटेकोरपणाचा शालेय गुणांशी संबंध असल्याचे वारंवार दिसलेले आहे. आणि मापट्टीवरची जागा कायमची नसते. ९२ दीर्घकालीन अभ्यासांच्या २००६ सालच्या एकत्रित विश्लेषणात, वीस ते चाळीस या वयात माणसे सर्वसाधारणपणे अधिक काटेकोर आणि भावनिकदृष्ट्या अधिक स्थिर होत जातात असे आढळले. नववीतल्या मुलाचा स्वभाव 'ठरवून' टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या पाच मापट्ट्यांचीही मर्यादा आहे, आणि ती दाखवणारा सर्वांत बोलका पुरावा शाळेतूनच आलेला आहे. हार्टशोर्न आणि मे यांनी १९२८ साली अमेरिकेत दहा हजारांवर मुलांचा प्रामाणिकपणा तपासला. पद्धत नमुनेदार होती. मुलांच्या उत्तरपत्रिका गोळा करून त्यांची गुपचूप नक्कल करून घ्यायची; मग मूळ पत्रिका आणि बरोबर उत्तरे मुलांना देऊन स्वतःच तपासायला सांगायचे. कोणी उत्तर बदलले ते नकलेशी ताडून लगेच कळे. तशाच चाचण्या खेळांत, घरी करायच्या कामांत, पैशांच्या व्यवहारात घेतल्या. अपेक्षा अशी की काही मुले सगळीकडे प्रामाणिक निघतील आणि काही सगळीकडे लबाड. तसे झाले नाही. गणितात फसवणारा मुलगा खेळातही फसवेलच असे सांगता येईना; निरनिराळ्या प्रसंगांतला सहसंबंध अगदीच क्षीण निघाला. 'हा लबाड आहे' हे वाक्य जितक्या सहज आपल्या तोंडून जाते तितके ते खरे नसते.

पुढे या वादात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. एका प्रसंगावरून दुसऱ्या प्रसंगाचे भाकीत करता येत नाही, पण अनेक प्रसंगांची सरासरी घेतली तर माणसातले सातत्य दिसू लागते. ही शिक्षकांच्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे. अर्ध्या तासाच्या प्रश्नावलीला जे दिसत नाही ते वर्षभर मुलाला प्रयोगशाळेत, मैदानावर, सहलीत आणि स्नेहसंमेलनाच्या धावपळीत पाहणाऱ्याला दिसू शकते. दिसू शकते असेच म्हणावे लागेल. कारण एकदा मत बनले की नावडतीचे मीठ अळणी लागते, आणि आवडत्याचे अक्षरही सुंदर दिसते.

'अबोल' या शिक्क्याचेच पाहा. विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकून मोजले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात; मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबायची सवय लावल्यावर उत्तरे लांब झाली, आपण होऊन बोलणारी मुले वाढली, आणि ज्यांच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती ती मुलेही बोलू लागली. १९७४ साली हे काम प्रसिद्ध झाले. एका सेकंदात जी मुलगी अंतर्मुख होती ती तीन सेकंदांत तितकीशी अंतर्मुख राहिली नाही! प्रश्नावलीने तिला एक अक्षर देऊन मोकळे केले असते. आणि मग 'ती अंतर्मुख आहे, तिला प्रश्न नको' म्हणून तो एक सेकंदही तिच्या वाट्याला आला नसता.

दृक्, श्राव्य आणि कृतिशील असे विद्यार्थ्यांचे 'अध्ययन-प्रकार' पाडण्याची जी टूम प्रशिक्षणांतून शिकवली जाते, तिचीही हीच गत आहे. प्रकारानुसार शिकवले तर मुले अधिक शिकतात याला पुरेसा पुरावा नाही, असे २००८ सालच्या एका सविस्तर आढाव्यात चार नामवंत मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलेले आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

फोररचा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात सहज करता येतो. मुलांना दहा-बारा किरकोळ प्रश्न द्यावेत, कागद गोळा करावेत आणि आठवड्याने प्रत्येकाला नाव घातलेले बंद पाकीट द्यावे. आत सर्वांसाठी एकच मजकूर असावा. आम्ही सुचवतो तो असा : 'घरच्यांसाठी तुम्ही बरेच काही करता, पण त्याची दखल घेतली जात नाही असे तुम्हांला कधीकधी वाटते. कोणाला चटकन नाही म्हणणे तुम्हांला जड जाते; मात्र एखादी गोष्ट मनापासून पटली की तुम्ही सहसा मागे हटत नाही. उत्साहाने सुरू करून अर्धवट राहिलेल्या एखाद्या कामाची बोच तुमच्या मनात आहे.' शेजाऱ्याला न दाखवता प्रत्येकाने शून्य ते पाच गुण द्यावेत. फळ्यावर आयतालेख काढावा आणि मगच पाकिटांची अदलाबदल करायला सांगावी. गुपित त्याच तासाला फोडणे आवश्यक आहे. एकाही मुलाने ते वर्णन खरे मानून घरी नेता कामा नये. एखाद्या वर्गाची सरासरी चाराच्या खाली आली तर कोणती वाक्ये नापसंत झाली ते मुलांकडूनच शोधून घ्यावे. बहुधा ती नेमके काहीतरी सांगणारी निघतील.